तारण, प्रेषित, नास्तिक: धार्मिक शब्दांच्या टिपा लिहिताना

मागे एका गावच्या वाचनालयातल्या मुलांनी तयार केलेली वही माझ्याकडे तपासायला आली होती. वर सुरेख अक्षरात 'धर्म आणि तत्त्वज्ञान: शब्दसूची', आत दोनशेच्या आसपास शब्द. चाळता चाळता एका नोंदीवर थांबलो. 'तारण: कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू. ख्रिस्ती धर्मातही असते.'

मी हसलो खरा, पण मुलांची फार चूक नव्हती. घरातलं सोनं तारण ठेवून बियाणं-खत आणलेलं त्यांनी पाहिलंय, आणि हा शब्द त्यांनी ऐकला तो बँकेतच. चूक होती ती क्रमाची. शब्द कोणाचा हे ठरवण्याआधीच त्यांनी अर्थ लिहून टाकला होता. महाविद्यालयाचा प्रकल्प, सप्ताहाची स्मरणिका, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, सगळीकडे हेच बघतो. म्हणून ही पायऱ्यांची मांडणी. क्रम मोडू नका. तिसरी पायरी पहिल्या दिवशी करायला गेलात तर सगळं पुन्हा लिहावं लागेल.

## आधीची तयारी: हद्द आणि सामान

आधी वाचक ठरवा. बारावीचा मुलगा, वाचनालयात पेपर वाचायला येणारे आजोबा, की एमएची विद्यार्थिनी? तिघांसाठी एकच टीप चालत नाही. मग शब्दांची संख्या ठरवा. दोनशे कच्च्या टिपांपेक्षा साठ पक्क्या बऱ्या.

मराठवाड्यात बसून अशी सूची करताना एक अडचण हमखास येते. आपल्याकडे एकाच पंचक्रोशीत चार-चार परंपरा नांदतात. वेरूळच्या एका डोंगरात ३४ लेणी: १२ बौद्ध, १७ हिंदू, ५ जैन. शेजारी खुलताबादला सूफींचे दर्गे. खाली गोदाकाठी नाथांचं पैठण, पुढे नांदेडला सचखंड हजूर साहिब. तिकडे माहूरला दत्तात्रेय, ज्यांना महानुभाव पंथ पंचकृष्णांत, म्हणजे आपल्या पाच अवतारांत, मोजतो. जालन्याकडे जुनी ख्रिस्ती वस्ती. या सगळ्यांनी मराठी शब्द वापरले, आणि पुष्कळदा तेच शब्द वेगळ्या अर्थाने वापरले.

सामान थोडंच लागतं. पोस्टकार्डाएवढे कोरे कागद, शिसपेन्सिल, एक चांगला मराठी शब्दकोश, आणि ज्या परंपरेचा शब्द तिचा स्वतःचा ग्रंथ. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. बौद्ध शब्दासाठी कीर्तनकाराचं पुस्तक किंवा इस्लामी शब्दासाठी कादंबरी आधाराला घेऊ नका.

प्रत्येक कागदावर पाच घरं आखा: शब्द, कोणाचा, व्याख्या, कुठे आला, कशाशी गल्लत होते. पाचवं घर लोक गाळतात. वाचकाला खरा उपयोग त्याचाच होतो.

## पायरी १: शब्द कोणाच्या तोंडचा ते लिहा

व्याख्येचं घर अजून कोरंच ठेवा. फक्त 'कोणाचा' भरा. हे वाटतं तेवढं सोपं नाही.

'प्रेषित' घ्या. मराठी बायबलमध्ये प्रेषित म्हणजे येशूने निवडून पाठवलेले शिष्य. 'प्रेषितांची कृत्ये' हे नव्या करारातलं पुस्तकच आहे. देवाचा संदेश सांगणाऱ्या यशया, यिर्मया यांना तिथे 'संदेष्टा' म्हणतात. मराठी मुसलमान लेखनात मात्र 'प्रेषित' म्हणजे अल्लाहने पाठवलेला रसूल: प्रेषित मुहंमद. एकाच कागदावर दोन्ही कोंबलंत तर पेत्र (येशूचा शिष्य) आणि मुहंमद एकाच रांगेत उभे राहतात, आणि दोन्हीकडचे वाचक नाराज होतात.

असे शब्द ढिगाने आहेत. 'जकात' म्हटलं की जुन्या माणसाला नाक्यावरची पावती आठवते. इस्लाममध्ये ते ठरावीक मर्यादेच्या वर साठलेल्या संपत्तीतून दरवर्षी द्यायचं बंधनकारक दान, साधारण अडीच टक्के. 'मंडळी' म्हणजे आपल्याला पंगतीतली माणसं. मराठी बायबलमध्ये ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यांचा समुदाय, ज्याला कॅथलिक लोक 'ख्रिस्तसभा' म्हणतात. 'जंगम' तलाठ्याच्या भाषेत हलवता येणारी मालमत्ता. लातूर-नांदेडकडच्या लिंगायतांत गुरुपरंपरेतला शब्द, अष्टावरणांपैकी, म्हणजे भक्ताचं रक्षण करणाऱ्या आठ आवरणांपैकी, एक. 'संघ' बौद्धांत मुख्यतः भिक्खू-भिक्खुणींचा; जैनांत चतुर्विध, म्हणजे साधू, साध्वी, श्रावक, श्राविका मिळून.

सगळ्यांत फसवा 'पुद्गल'. जैनांत पुद्गल म्हणजे रूप, रस, गंध, स्पर्श असलेलं जड द्रव्य. बौद्ध ग्रंथांत तोच शब्द 'व्यक्ती' या अर्थाने येतो. एकाकडे माती-दगड, दुसऱ्याकडे माणूस! आणि जैन तत्त्वज्ञानात द्रव्यांची नावं म्हणून 'धर्म' आणि 'अधर्म' येतात तेव्हा त्यांचा पुण्य-पापाशी संबंध नसतो: धर्म म्हणजे गतीला साहाय्य करणारं द्रव्य, जसं माशाला पाणी, आणि अधर्म म्हणजे स्थिर राहायला साहाय्य करणारं.

तपासणी: 'कोणाचा' या घरात 'सर्व धर्मांत' असं लिहिलंय का? खोडा. शब्द दोघांचा असेल तर कागद दोन करा.

सावधान: मूळ धातू म्हणजे व्याख्या नव्हे. 'धृ धातूपासून धर्म' हे बरोबर असलं तरी त्यावरून बौद्धांच्या त्रिपिटक ग्रंथांतला 'धम्म' कळत नाही. 'उरूस' हा शब्द लग्नाच्या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला; पण दर्ग्याचा उरूस म्हणजे त्या वलीची, सूफी संताची, पुण्यतिथी. आपल्याकडे तर गावच्या यात्रेलाही सर्रास उरूस म्हणतात, म्हणजे तिसरा अर्थ झाला.

## पायरी २: तीन वाक्यं गोळा करा

व्याख्या डोक्यातून काढायची नसते, वापरातून काढायची असते. त्या परंपरेच्या ग्रंथातून तो शब्द आलेली किमान तीन ठिकाणं टिपा. 'तारण'साठी मुलांकडून मी रोमकरांस पत्र ६:२३, इफिसकरांस पत्र २:८ आणि लूक १९:९ काढून घेतली. पहिल्यात हा शब्द नाही, पण तारण कशापासून ते तिथे आहे: पापाचं वेतन मरण. दुसऱ्यात ते कशाने मिळतं: कृपेने, विश्वासाच्या द्वारे. तिसऱ्यात जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी ते येतं. (हो, इथे जकात पुन्हा आली, आणि ती नाक्यावरचीच. शब्द असे गुंततात.)

संदर्भ कसा लिहायचा तेही इथेच ठरवून टाका. बायबलचा अध्याय:वचन, कुराणाचा सूरा:आयत, गीतेचा अध्याय.श्लोक. गुरू ग्रंथ साहिबची छापील प्रत १४३० अंगांची ठरलेली आहे, तिथे अंगाचा आकडा पुरतो. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांचे आणि गाथेतल्या अभंगांचे आकडे मात्र प्रतीनुसार पुढेमागे होतात. म्हणून कोणती प्रत वापरली ते वहीच्या पहिल्या पानावर एकदा लिहा, आणि मग तीच वापरा.

बायबलबाबत आणखी एक. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलात ७३. दहा आज्ञा दोघांच्याही दहाच, पण क्रमांक जुळत नाहीत. म्हणून 'सहावी आज्ञा' असं मोघम लिहू नका. आज्ञा काय ती लिहा.

## पायरी ३: व्याख्या बांधा

आता तिसरं घर. रचना साधी ठेवा: आधी ही गोष्ट कोणत्या जातीची (सुटका? ग्रंथ? विधी? पद? द्रव्य?), मग त्याच जातीतल्या इतरांपासून तिला वेगळं काढणारं लक्षण. तर्कशास्त्रात याला व्यवच्छेदक लक्षण म्हणतात.

'तारण (ख्रिस्ती): पाप आणि त्याचे फळ असलेले मरण यांपासून देव माणसाची करतो ती सुटका. नव्या करारानुसार ती येशू ख्रिस्तावरील विश्वासाने, देवाच्या कृपेने मिळते. गल्लत: मोक्षाशी. मोक्ष ही जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. तारणाच्या कल्पनेत पुनर्जन्म नाही.'

जात: सुटका. वेगळेपण: कशापासून, कोण करतो, कशाने. पस्तीसेक शब्दांत काम भागलं.

इथे लोक हमखास चार ठिकाणी घसरतात.

गोल फिरणं. 'अध्यात्म म्हणजे आध्यात्मिक ज्ञान.' किंवा 'मोक्ष म्हणजे बंधनातून सुटका' आणि पुढच्या पानावर 'बंधन म्हणजे मोक्ष नसणे'. पहिला आत्माश्रय, दुसरा अन्योन्याश्रय. सुटा कागद बघून दुसरा सापडत नाही. म्हणून जोडीचे शब्द शेजारी ठेवून वाचा.

अवयव मोजणं. 'यज्ञ म्हणजे समिधा, तूप, अग्नी, मंत्र.' संभाजीनगरातलं मिलिंद महाविद्यालय ज्याच्या नावाचं, त्या ग्रीक राजाला भिक्खू नागसेनांनी विचारलं होतं की रथ म्हणजे चाक का, आस का, जू का. राजा प्रत्येक वेळी 'नाही' म्हणत गेला. त्यांचा मुद्दा 'मी' या कल्पनेविषयी होता. आपल्याला एवढंच उचलायचं की सुटे भाग लिहून टीप होत नाही.

रोजचा अर्थ खुपसणं. सांख्य दर्शनातला 'अहंकार' म्हणजे गर्व नव्हे. बुद्धीपासून निघणारं, 'मी' हे भान देणारं तत्त्व, २५ तत्त्वांपैकी एक. शंकराचार्यांच्या अद्वैताचं 'मिथ्या' म्हणजे 'खोटं' नव्हे. वांझेचा मुलगा कधीच दिसत नाही, तो निव्वळ असत्. दोरीवरचा साप दिसतो, घाबरवतो, आणि उजेड आला की नाहीसा होतो, तो मिथ्या. धड सत् नाही, धड असत् नाही. 'शंकराचार्य जगाला खोटं म्हणाले' हे वाक्य मी किती वह्यांत खोडलं असेल, मोजदाद नाही. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनांच्या 'शून्य'चीही हीच गत. शून्य म्हणजे काहीच नाही असं नव्हे. कुठल्याही वस्तूला स्वतःचा स्वतंत्र स्वभाव नाही, ती इतर कारणांवर अवलंबून आहे, असं.

चौथी चूक स्तुतीची. 'थोर', 'महान', 'अद्वितीय' काढल्यावर टिपेत काहीच उरत नसेल, तर टीप लिहिलीच गेलेली नाही.

## पायरी ४: तीन दोषांची चाळणी

न्यायशास्त्राने, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राने, व्याख्येचे तीन दोष सांगितलेत आणि उदाहरण गायीचं दिलंय. आपण आपल्या गोठ्यातलंच घेऊ.

'शिंगं असलेला प्राणी म्हणजे गाय.' म्हैसही आत आली. नको ते आत घेणारा दोष अतिव्याप्ती.

'तांबडा प्राणी म्हणजे गाय.' लाल कंधारी बसली, पण काळी-पांढरी देवणी बाहेर राहिली. हवं ते बाहेर ठेवणारा दोष अव्याप्ती. (तांबडी घोडी आत आली ती अतिव्याप्ती वेगळीच.)

'एकसंध खुराचा प्राणी म्हणजे गाय.' गायीचा खूर दुभंगलेला. एकही गाय बसली नाही. हा असंभव.

गळ्याखालची पोळी हे लक्षण शास्त्रकारांनी पक्कं ठरवलं.

आता हीच चाळणी 'नास्तिक' या शब्दाला लावा. कागदावर 'भारतीय दर्शने' असं लिहिलेलं आहे, हे विसरू नका.

'देव न मानणारा': सांख्य आणि पूर्वमीमांसा जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत, तरी ती आस्तिक दर्शनांत गणली जातात. अतिव्याप्ती. उलट जैन देवगती, म्हणजे देव म्हणून जन्म, मानतात, तीर्थंकरांना भगवान म्हणतात, तरी जुन्या वर्गीकरणात ते नास्तिकांत. म्हणजे अव्याप्तीही. 'चार्वाकाचा अनुयायी': बौद्ध-जैन सुटले, अव्याप्ती. 'कशावरच विश्वास नसलेला': असंभव, कारण चार्वाकही प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांना कळतं ते, प्रमाण मानतो.

मग टिकतं ते हे: 'नास्तिक (भारतीय दर्शने): वेदांचे प्रामाण्य न मानणारे दर्शन किंवा त्याचा अनुयायी, चार्वाक, बौद्ध, जैन. हे वर्गीकरण वेद मानणाऱ्यांनी केलेले. गल्लत: आजच्या मराठीतील नास्तिक, म्हणजे ईश्वर न मानणारा.' आजच्या अर्थाचा कागद वेगळा.

तपासणी: 'हे नाव त्यांनी स्वतः घेतलं की दुसऱ्याने दिलं?' हा प्रश्न प्रत्येक पंथनामाला विचारा. 'लिंगायत' आणि 'वीरशैव' हे एकच की वेगळे, यावर त्या समाजातच मतभेद आहेत. निवाडा तुम्ही देऊ नका. दोन्ही नावं आणि मतभेद असल्याची नोंद पुरे.

## पायरी ५: व्यक्तींच्या टिपा वेगळ्या लिहा

शब्दाला अर्थ विचारतात, माणसाला 'नेमका कोण?' हे विचारतात. म्हणून व्यक्तीच्या कागदावर पहिलं वाक्य ओळख पटवण्याचं.

मराठी बायबल वाचणारा इथे हमखास ठेचकाळतो. इसहाकाचा मुलगा तो याकोब. येशूच्या बारा शिष्यांतही दोन याकोब. आणि 'याकोबाचे पत्र' आहेच. यहूदा तर त्याहून बिकट: याकोबाचा मुलगा, त्याच्यावरून वंश आणि राज्य, येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत, आणि 'यहूदाचे पत्र'. योहानाच्या बाबतीत बाप्तिस्मा करणारा वेगळा, जब्दीचा मुलगा प्रेषित योहान वेगळा. विशेषण लावल्याशिवाय यांतलं एकही नाव शीर्षकात घेऊ नका.

घरचं उदाहरण: ज्ञानदेवांनी ज्यांना पासष्ट ओव्या लिहिल्या ते योगी चांगदेव वेगळे, आणि महानुभावांच्या पंचकृष्णांतले चक्रपाणी ऊर्फ चांगदेव राऊळ वेगळे. 'नामा' अशी मुद्रा असलेला प्रत्येक अभंगही संत नामदेवांचा नाही. विष्णुदास नामा हा कवी नंतरचा.

उलटही होतं: माणूस एक, नावं दोन. अब्राहाम-इब्राहीम, मोशे-मूसा, दावीद-दाऊद, शलमोन-सुलेमान, मरीया-मरियम. एकीकडून दुसरीकडे 'पाहा' अशी खूण द्या, पण मजकूर एक करू नका. येशू ख्रिस्ती श्रद्धेत देवाचा पुत्र, कुराणातले ईसा मात्र पैगंबर. बायबलात अब्राहाम बळी द्यायला नेतो तो इसहाक. कुराणात त्या प्रसंगात मुलाचं नाव येत नाही, आणि मुसलमान परंपरा बहुतांशी इस्माईल मानते.

आदरार्थाचा नियम आधीच ठरवा. मराठीत विठोबाला 'तू' आणि ज्ञानेश्वरांना 'ते' म्हणतो. मराठी बायबल येशूला 'तो' म्हणतं, त्यात अनादर नाही. पण तुमच्या वहीत बुद्ध 'ते' आणि येशू 'तो' असं झालं तर खटकेलच. मी सगळ्या ऐतिहासिक धर्मपुरुषांना 'ते' लावतो. देवदेवतांना त्या परंपरेत रूढ असेल तसं.

सावधान: 'असे म्हटले जाते' हे शब्द वहीतून हद्दपार करा. कोण म्हणतं ते लिहा. 'पैठणला रेड्यामुखी वेद वदवले, अशी वारकरी परंपरा सांगते' हे ठीक. ग्रंथात आहे, परंपरा सांगते, इतिहासात नोंद आहे: ही तीन क्रियापदं वेगळी ठेवलीत तर निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

## पायरी ६: साल आणि गाव

शकातून इसवी सन काढताना ७८ मिळवतात. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. पण तिथी पौषाच्या उत्तरार्धात, माघात किंवा फाल्गुनात असेल तर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, तिथे ७९. समर्थ रामदासांचं देहावसान माघ वद्य नवमी, शके १६०३. म्हणजे १६८२. पुष्कळ पुस्तकांत १६८१ दिसतं, ते सरसकट ७८ मिळवल्यामुळे. हिजरी सनाला असा ठरावीक आकडा मिळवून चालतच नाही, कारण ते वर्ष चांद्र, ३५४-५५ दिवसांचं. तक्ता वापरा.

गावाच्या बाबतीत जिल्हा तपासा. नर्सी नामदेव जुन्या पुस्तकांत परभणी जिल्ह्यात असतं. १९९९ला हिंगोली वेगळा झाला. समर्थांचं जांब आज जालना जिल्ह्यात, पण १९८१पूर्वी हा जिल्हाच नव्हता. औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही नावंही बदलली. आजचं नाव लिहा, जुनं कंसात. जन्मगावावर वाद असेल, जसा नामदेवांबाबत नर्सी की पंढरपूर असा आहे, तर दोन्ही लिहा. आपल्या जिल्ह्याचा अभिमान स्मरणिकेच्या संपादकीयासाठी राखून ठेवा.

## पायरी ७: दोघांना वाचून दाखवा

एक त्या परंपरेतला: विहारातले भंतेजी, चर्चचे पाळक, मशिदीतले मौलाना, गुरुद्वाऱ्यातले ज्ञानी, फडावरचे महाराज. त्यांना 'बरोबर आहे का?' असं विचारू नका, सगळे भिडेखातर हो म्हणतात. 'यातलं काय तुम्ही असं म्हणणार नाही?' असं विचारा.

दुसरा पूर्ण बाहेरचा. त्याला टीप वाचून दाखवा, कागद उलटा ठेवा आणि त्याच्या शब्दांत सांगायला लावा. 'तारण'ची नवी टीप मुलांनी वाचनालयाच्या शिपायाला वाचून दाखवली. तो म्हणाला, "म्हंजे गहाण सोडवल्यावानी." ही तुलना चुकीची नाही. खंडणी भरून सोडवण्याची भाषा नव्या करारातही आहे. पण ती आम्ही व्याख्येत घेतली नाही, पाचव्या घरात टाकली.

## पायरी ८: अकारविल्हे लावा

हे काम शेवटी. आधी लावलंत तर प्रत्येक नव्या कागदाला सगळं हलवावं लागतं. 'क्ष' आणि 'ज्ञ' कुठे ठेवायचे ते ठरवा: क आणि ज यांच्या जोडाक्षरांत, की वर्णमालेच्या शेवटी. दोन्ही पद्धती कोशांत सापडतात. त्या वहीत 'ज्ञानेश्वर' ज मध्ये होते आणि 'ज्ञानमार्ग' शेवटच्या पानावर. अनुस्वाराचंही तसंच, 'संघ' हा 'सगुण'च्या आधी की नंतर हे एकदा ठरवून पहिल्या पानावर लिहा. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख आणि तपासणाऱ्याची सही घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी कोणी हरकत घेतली तर कोणाला विचारायचं ते कळेल.